तिवारीजींची अर्धी कविता

पत्र्याच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कातरण कितीही झाडून काढा, कोपऱ्यात ते साचतच राहतं. किस्स्यांचंही तसंच आहे. कुणी विचारतं, “तुमच्या वेळी पिंपरीत काय होतं हो?” मी एकच सांगायचा म्हणून सुरुवात करतो आणि त्याच्यामागून दुसरा, तिसरा घरंगळत येतो. मंडळी हसतात. हसू द्या. अनवाणी पाय पडेपर्यंत कातरणाला धार असते हे कुणाला कळत नाही.

मी होतो कंदिलाच्या कारखान्यात. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा कुठे शेड उभ्या राहू लागल्या होत्या. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला बाजरीची शेतं, आणि मधे आमचा कारखाना. मालक कानपूरचे शेठ. ते क्वचित यायचे, त्यांच्या तारा मात्र सारख्या यायच्या. मी नगरकडचा पवार, वेल्फेअर खात्यात टायपिस्ट. वेल्फेअर खातं म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची बरेच दिवस रिकामी होती. एका सकाळी बघतो, तर तिच्यावर एक कवी बसलेला.

बद्रीप्रसाद तिवारी. अलाहाबादकडचे. आमचा कंदील सगळा उत्तरेत खपायचा, त्यामुळे शेठना डब्यावर आणि कॅलेंडरवर छापायला हिंदी दोहे हवे होते. अलाहाबादेत एक चांगला कवी नोकरीविना बसलाय असं त्यांना कुणीतरी सांगितलं. शेठनी त्याला उचलून इकडे पाठवून दिलं. माणूस कसली कविता लिहितो, ते विचारायचं मात्र राहून गेलं.

तिवारीजी नवी कविता लिहायचे. यमक नाही, चाल नाही. तिकडच्या मासिकांतून ती छापून यायची आणि तिकडची जाणती माणसं त्यांना मानायची. इकडे ते होते वेल्फेअर खात्यातले दुसरे.

०

पहिल्याच दिवशी मॅनेजर बापटसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी जॉइनिंगचे कागद घेऊन उभा होतो.

“कवी आहात म्हणे. ऐकवा बघू एखादी.”

तिवारीजी उभे राहिले, डोळे मिटले आणि त्यांनी एक छोटी कविता म्हटली. स्टेशनावर आईला सोडून गाडीत बसलेल्या माणसाची होती. मला सगळी नाही कळली, पण माझी आई आठवली एवढं खरं.

बापटसाहेब पेन्सिल टेबलावर आपटत थांबून राहिले.

“हं. पुढं?”

“बस. इतनी ही है, साहब.”

“आणि यमक?”

“नहीं है.”

बापटसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “अहो पवार, मग ही बातमीच झाली की!”

तिवारीजींना मराठी येत नव्हतं, पण हसणं सगळ्या भाषांत सारखंच ऐकू येतं. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, “बातमी माने खबर?” मी हो म्हटलं. “ठीक तो कहा,” ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

०

मग दिवाळीच्या कॅलेंडरची वेळ आली. शेठना कंदिलाच्या चित्राखाली दोन ओळी हव्या होत्या. तिवारीजींनी पुष्कळ कागद फाडले आणि शेवटी एकच ओळ पाठवली: “अँधेरा भी किसी का घर है.”

मला विचाराल तर ओळ लाखाची होती. माझ्या गावी दिवा नसलेली निम्मी घरं मी पाहिली होती.

कानपूरहून तार आली. “अंधार विकायचा नाही. कंदील विकायचा आहे.”

शेवटी शेठच्या मुनिमानंच ‘ज्योती’ला ‘मोती’ जुळवून काम भागवलं. त्या कॅलेंडरची मागणी इतकी झाली की दुसऱ्यांदा छापावं लागलं. तिवारीजींनी एक प्रत आमच्या टेबलासमोर टांगली आणि वर्षभर तिच्याकडे पाठ करून बसले.

०

आता प्रेस शॉपचा किस्सा. कंदिलाचा तळ, टोपी, सगळं पॉवर प्रेसवर निघायचं. एका हातानं पत्रा सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडायचा. हात वेळेत निघाला तर तुमचा, नाहीतर प्रेसचा. बोट गेलेली माणसं आमच्याकडे बरीच होती. ती एकमेकांना ‘भावा, आज किती?’ असं विचारून हसायची.

फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असं कळलं, तेव्हा बापटसाहेबांनी तिवारीजींना बोलावलं. “भिंतीवर लिहायला काहीतरी द्या. आणि या वेळी यमक पाहिजे.”

तिवारीजी आधी नाही म्हणाले. मग ते प्रेस शॉपमध्ये जाऊन आले. तिथं एका पोरसवद्या बीडकडच्या कामगारानं त्यांना रामराम केला, तेव्हा त्याच्या जोडलेल्या हातांत एका बाजूला तीनच बोटं होती. परत आले ते ताठ बसले आणि एका दमात लिहिलं:

पहले हाथ हटा, फिर दबा पाँव,
नहीं तो रोएगा सारा गाँव.

आठ दिवसांच्या आत ते गेरूनं सगळ्या भिंतींवर चढलं. मराठवाड्याचे, कोकणातले, मावळातले, सगळे ते म्हणायला लागले. ठोक्याच्या तालावर म्हणायला फार बरं पडायचं. तिवारीजींची एकुलती एक कविता जी अख्ख्या कारखान्याला पाठ होती, ती ही!

इन्स्पेक्टर खूश होऊन गेला. प्रेसला जाळीचे गार्ड बसवायचे होते, ते राहिले ते राहिलेच. गार्डला खर्च येतो, यमकाला गेरू पुरतो.

पुढच्याच महिन्यात त्याच बीडच्या पोराचं आणखी एक बोट गेलं. चौकशी झाली. मीच टाइप केली. बापटसाहेबांनी निष्कर्ष सांगितला: “कामगाराच्या नजरेसमोर सुरक्षेची कविता स्पष्ट अक्षरांत लिहिलेली होती. तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने अपघात घडला.”

तिवारीजींनी तो कागद माझ्या मशीनवरच वाचला. दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्यानं आमच्या खात्याच्या भिंतीवरचा गेरू पुसत होते. शिपायानं त्यांना थांबवलं. म्हणाला, “पंडितजी, कंपनीची भिंत आहे.”

०

खंडेनवमीला आमच्याकडे प्रेस धुवून पुसून त्यांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. ज्या यंत्रानं बोट खाल्लं त्यालाही हार. एका वर्षी चिंचवडचे भटजी ऐनवेळी आजारी पडले. मुहूर्त टळायला आला तशी मंडळी आमच्या टेबलापाशी जमली.

“तिवारी म्हाराज, चला.”

तिवारीजींनी हात जोडले. आपण पूजाअर्चा मानत नाही, मंत्रही येत नाहीत, असं हिंदीत सांगितलं.

माळी धोंडिबा पुढं होता. तो म्हणाला, “तुमी मानत नसाल म्हाराज. पर तिवारी तर हायसा न्हवं?”

तिवारीजींना धोतर नेसवून प्रेससमोर बसवलं. सगळा कारखाना हात जोडून उभा. बापटसाहेब सपत्नीक. तिवारीजी घोगऱ्या, एकसुरी आवाजात सुरू झाले. मी टायपिस्ट, त्यांच्या कविता मीच हिंदीच्या मशीनवर उतरवून द्यायचो. दुसऱ्या ओळीलाच ओळखलं. ती स्टेशनावरची आई होती! पाठोपाठ अंधाराच्या त्या ओळीची पुढं झालेली कविता आली. मग आणखी दोन. प्रत्येक कवितेशेवटी ते प्रेसवर अक्षता टाकत होते आणि माणसं डोळे मिटून ऐकत होती. बायकांनी पदर डोक्यावर घेतले होते.

प्रसाद घेताना बापटसाहेब मला म्हणाले, “काय वाणी आहे पवार! हे मंत्र प्रयागचे वाटतं?”

“होय साहेब, प्रयागचेच.”

यमकाची चौकशी त्या दिवशी कुणीही केली नाही.

०

पूजा आटोपल्यावर धोंडिबानं तिवारीजींना बाजूला घेतलं. मला सोबत नेलं ते दुभाष्या म्हणून.

हा धोंडिबा कोण ते सांगायला हवं. कारखान्याच्या हिरवळीखाली जी जमीन आहे ती त्याची. म्हणजे होती. कंपनीनं ती घेतली आणि त्यालाच माळी म्हणून ठेवला. ज्या रानात त्यानं बाजरी काढली त्या रानातल्या हिरवळीला तो रोज झारीनं पाणी घालायचा. शेड बांधताना कंत्राटदारानं बांधावरचे सगळे दगड शेडच्या पायात भरले. त्यात त्याचा म्हसोबाही गेला असता. धोंडिबानं तो रातोरात सरकवून मेंदीच्या कुंपणामागं लपवला होता. अमावास्येला त्याच्या घरच्या बायका कारखान्याच्या काटेरी तारेच्या बाहेर उभ्या राहून तिथूनच हात जोडायच्या.

तो दगड त्यानं तिवारीजींना दाखवला. शेंदूर ताजा होता. “ह्याच्याम्होरं बी चार शबुद म्हना म्हाराज. ह्याला कोन म्हनत न्हाई आता.”

तिवारीजी उकिडवे बसले. दगडावर हात ठेवून तसेच बसून राहिले.

तेवढ्यावर न थांबता धोंडिबानं मागच्या भिंतीजवळ नेऊन आणखी एक गंमत दाखवली. नुसतंच काळं ढेकळांचं रान होतं ते, चार हात रुंद. “पावसाळ्यात बगा. हितं बाजरी आस्ती माझी. कंपनीला ठावं न्हाई.” आणि तो पोट धरून हसला.

पुढं त्या दोघांची दोस्ती जमली. एकाला हिंदी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. दुपारी दोघे मेंदीच्या सावलीत तंबाखू मळत बसायचे. मी एकदा विचारलं, “काय बोलता हो एवढं?” धोंडिबा म्हणाला, “बोलतो कशाला? बसतो.”

०

पुढच्या गणपतीत करमणुकीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं तिवारीजींना मिळाली. मीच सेक्रेटरीच्या मागं लागून मिळवली होती. पहिली शिफ्ट सुटलेली, दुसरी चढायची होती, मधल्या वेळात मंडप गच्च भरला होता. तिवारीजींनी नवं धोतर नेसलं होतं. धोंडिबाला त्यांनी मुद्दाम पुढं बसवलं. कविता त्याच्यावर होती.

त्यांनी सुरुवात केली. हिरवळीला पाणी देणारा एक माणूस आहे. त्याला ठाऊक आहे की खाली आपलं शेत झोपलंय.

मंडपात चुळबूळ होती. यमक येईना, नक्कल येईना. मागून कुणीतरी ओरडलं, “पहले हाथ हटा होऊ द्या!” तिवारीजी थांबले नाहीत. त्या ओळी मला अजून येतात:

पिछली दीवार के पास
चार हाथ खेत अभी जाग रहा है.
वह बाजरा उगाता है
और किसी से नहीं कहता.

पुढच्या कडव्यात म्हसोबा होता. मीच टाइप केलं होतं म्हणून मला माहीत. तिवारीजींनी श्वास घेतला, आणि भोंगा झाला.

भोंगा झाला की आमच्याकडे गणपतीसुद्धा उठला असता. माणसं धडाधड उठली, दुसरी शिफ्ट मशीनकडे, पहिली घराकडे. दोन मिनिटांत मंडपात चटया उरल्या आणि त्यांच्यावर धोंडिबा. तो टाळ्या वाजवत होता. त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण आपल्यावर गाणं झालंय एवढं त्याला मी सांगितलं होतं.

आणखी एक माणूस उठला नव्हता. सिक्युरिटी ऑफिसर घाडगेसाहेब. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी उमर उत्तरेत छावण्यांत काढलेली, हिंदी-उर्दूचं भारी वेड. ते मंचापाशी आले, त्यांनी तिवारीजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “पंडितजी, पिंपरीत येऊन पहिल्यांदा कविता ऐकली.”

तिवारीजी त्या संध्याकाळी माझ्यासोबत चिंचवडपर्यंत चालत आले. वाटभर एकच सांगत होते. एक तरी ऐकणारा मिळाला.

०

दुसऱ्या दिवशी सकाळी घाडगेसाहेब मागच्या भिंतीपाशी गेले. बाजरी कणसांवर आली होती.

दुपारपर्यंत ती उपटून झाली. कंपनीच्या जागेत, कंपनीच्या पाण्यावर खासगी पीक काढलं म्हणून संध्याकाळी धोंडिबाला गेटबाहेर केलं.

तिवारीजी धावत सिक्युरिटीच्या खोलीत गेले. मी मागोमाग. “आपने तो कहा था कविता अच्छी है!”

घाडगेसाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “अच्छी थी पंडितजी, म्हणून तर समजली. तुम्ही लिहिलंत, ‘किसी से नहीं कहता.’ त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही माईकवर सांगितलंत.”

तिवारीजी दारातच बसले.

“मी नोकर माणूस,” घाडगेसाहेब म्हणाले. “ऐकलेलं न ऐकलेलं करता येत नाही. आणि चांगल्या कवितेत तर न म्हटलेलंही ऐकू येतं.”

हे ते शाबासकी म्हणून म्हणाले होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी वाईट शाबासकी ऐकलेली नाही.

०

रविवारी आम्ही धोंडिबाच्या घरी गेलो. आकुर्डीच्या वाटेवर त्याचं घर होतं. तिवारीजींनी सगळं सांगितलं, मी मराठी केलं. मला वाटलं होतं हा आता शिव्या घालील, निदान तोंड फिरवील. पण धोंडिबाला तोवर चुगली कुणी केली ह्याचाच घोर लागला होता. वॉचमन असलेल्या सख्ख्या चुलतभावाशी त्यानं बोलणं टाकलं होतं.

“म्हंजी म्हाराजांच्या गान्यानं कळलं व्हय?”

“होय.”

त्यानं बराच वेळ जमीन कोरली. मग विचारलं, “त्यात म्हसोबा बी हाय का?”

“आहे. पण ते म्हणायच्या आत भोंगा झाला.”

धोंडिबानं पहिल्यांदा तिवारीजींकडे नीट पाहिलं. “मग त्यो ऱ्हाऊ द्या म्हाराज. बाजरी काय, दरसाली येती. ह्यो एकदा गेला की शेडच्या पायात जाईल. नवा माळी आमच्याच गावचा हाय, त्यो शेंदूर लावतो. तेवढं कडवं कुटं म्हनू नका.”

मला भाषांतर करावं लागलं नाही. तिवारीजींनी त्याच्या पायांना हात लावला. ब्राह्मणानं पाय धरले म्हणून धोंडिबाची बायको घाबरून आत पळाली.

त्यानंतर तिवारीजींनी नवं लिहिलेलं मी पाहिलं नाही. शेठना ते ‘ज्योती’ला ‘मोती’ जुळवून द्यायला लागले. बापटसाहेब म्हणायचे, “रुळला बघा आता माणूस.”

०

आता शेवटचा.

तिवारीजींच्या जुन्या कवितांचं पुस्तक अलाहाबादच्या मित्रांनी काढलं आणि त्याला तिकडे मोठं पारितोषिक मिळालं. धोंडिबाची कविता त्यांनी पुस्तकात दिली नव्हती. पेपरात शेठनी बातमी वाचली. तार आली: “आपल्या कवीचा सत्कार करा.”

सुट्टीच्या दिवशी हिरवळीवर मंच बांधला, पाठीमागे मेंदीचं कुंपण. सगळ्या शिफ्टची माणसं बोलावली. तिवारीजींनी धोंडिबाला पास द्यायला सांगितलं होतं. काढून टाकलेल्या माणसाला पास देता येत नाही, असं उत्तर आलं. तो काटेरी तारेबाहेर येऊन उभा राहिला होता.

बापटसाहेबांनी शाल घातली. “पहिल्याच दिवशी, पहिलीच कविता ऐकून मी ह्यांना ओळखलं होतं,” ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

मग पुढच्या रांगेतून घाडगेसाहेब उठले. त्यांनी हात जोडले. “पंडितजी, त्या गणपतीत भोंग्यानं आमचं फार नुकसान केलं. माळ्याची ती कविता अर्धी राहिली. मला आजही ती झोपू देत नाही. आज सुट्टी आहे, भोंगा होणार नाही. पूरी सुनाइए.”

ते मनापासून म्हणत होते, हे मी आजही शपथेवर सांगीन. त्या अख्ख्या हिरवळीवर ती कविता ऐकायची खरी इच्छा असलेला तेवढाच एक माणूस होता.

तिवारीजी माईकपाशी आले. सगळे गप्प झाले. त्यांनी एकदा तारेकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं समोर होतं. माणसं होती, शांतता होती, वेळ होता. मी मंचाच्या पायरीवर बसलो होतो.

मग त्यांनी अंगावरची शाल सारखी केली आणि म्हणाले:

“पहले हाथ हटा, फिर दबा पाँव...”

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. आणि मग मागून प्रेस शॉप उठलं. “नहीं तो रोएगा सारा गाँव!” शिट्ट्या, आरोळ्या, वन्स मोअर. तिवारीजींनी परत म्हटलं. परत गर्जना झाली. ते म्हणतच राहिले. माणसं हात वर करून टाळ्या देत होती, कुणाच्या हाताला पाच बोटं, कुणाच्या हाताला तीन. तिवारीजींचा चेहरा घामानं भिजला होता की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही.

बापटसाहेब खूश होऊन माझ्याकडे वाकले. “पवार, पारितोषिक ह्याच कवितेला मिळालं ना?”

“होय साहेब.”

“वाटलंच. योग्य कवितेला मिळालं.”

तारेबाहेर धोंडिबा उभा होता. त्यानं हात जोडले होते, पण ते मंचाकडे नव्हते. मंचाच्या मागं होते.

एकटे घाडगेसाहेब टाळ्या वाजवत नव्हते. ते धोंडिबाच्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश मान वळवली आणि मेंदीच्या कुंपणाकडे पाहिलं.